लाईट जाण्याचा सराव

२४९३७. लिनक्स कर्नलच्या इतिहासात हा आकडा कायमचा नोंदला गेला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कर्नलचे एक सांभाळकर्ते येन्स ॲक्सबो यांनी एक दुरुस्ती केली आणि तिच्यासोबत, नमुना म्हणून, एका मशीननं काढलेली तक्रार जोडली. तक्रार अशी की ७१४२ क्रमांकाच्या आयनोडमध्ये जादा जागेचं माप २४९३७ दिसतंय, आणि आयनोडचा आकार तर सगळा मिळून २५६ बाइट. आयनोड म्हणजे फाइल सिस्टीमनं प्रत्येक फाइलीमागे ठेवलेली नोंद. मालक कोण, आकार किती, शेवटचा हात कधी लागला, मजकूर डिस्कवर नेमका कुठे आहे, हे सगळं त्यात असतं. पूर्वी ही नोंद १२८ बाइटांची होती. एक्स्ट-फोर या फाइल सिस्टीमनं ती दुप्पट केली, आणि वाढीव जागेपैकी किती वापरात आहे हे सांगणारा एक रकाना ठेवला. त्या रकान्यात साधारणपणे ३२ असतात. १२८ च्या वर तर जाताच येत नाही.

मग २४९३७ आले कुठून? हा आकडा सोळाच्या पायावर मांडून पाहावा. ६१ आणि ६९ असे दोन बाइट मिळतात. संगणकाच्या अक्षरतक्त्यात ६१ म्हणजे इंग्रजीतला लहान ‘ए’ आणि ६९ म्हणजे लहान ‘आय’. एक्स्ट-फोर डिस्कवर धाकटा बाइट आधी लिहिते, म्हणून क्रम ‘आय’, ‘ए’. थोडक्यात, ते माप नव्हतंच. कुठल्या तरी शब्दाचा तो तुकडा असावा. जिथे फाइलीची नोंद असायला हवी तिथे दुसऱ्याच कशाचा मजकूर येऊन बसला होता. एक्स्ट-फोरचं गणित चुकलं असतं तर आकडा थोडा मागेपुढे झाला असता. इथे सामानच परक्याचं होतं. निवांत बसून हे आज कळतं. त्या दुरुस्तीच्या आदल्या महिन्यात, नोव्हेंबरात, ज्यांच्या डिस्कवरच्या फाइली गेल्या त्यांना स्क्रीनवर एवढंच दिसत होतं की तक्रार करणाऱ्याचं नाव एक्स्ट-फोर आहे. म्हणून आरोपीही तीच ठरली.

ही गोष्ट सांगायला मी आंदर मावळात बसलो आहे, त्यालाही कारण आहे. पुणे-लोणावळा लोकलनं कान्ह्याला उतरावं, फाट्यावरून इंद्रायणी ओलांडून टाकवे बुद्रुक गाठावं, पुढे वडेश्वर आणि मग खांडीच्या अंगानं सह्याद्रीची कड. आंद्रा नदीचं हे खोरं. नदी मुळात पूर्वेला, इंद्रायणीकडे जाणारी. पण ठोकरवाडीला टाटांनी धरण बांधलं, पाणी पश्चिमेकडे वळवून घाटाखाली सोडलं, आणि १९२२ पासून कर्जतच्या बाजूला भिवपुरीत त्यावर वीज तयार होऊ लागली. ती मुंबईसाठी. शंभर वर्षं वीज देणाऱ्या या खोऱ्यात आषाढात पाऊस धरला की लाईट जाते, येते, परत जाते. लॅपटॉप वापरणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, बॅटरी सांभाळून घेते. ज्याच्याकडे यूपीएस नसलेला जुना डेस्कटॉप आहे, त्याचं मशीन मात्र अर्ध्या वाक्यात मरतं. फाइल सिस्टीम नावाच्या वस्तूची निम्मी अक्कल या एका क्षणासाठी खर्च झालेली असते.

वाण्याच्या दुकानात कच्ची वही आणि पक्की खातेवही असते, तशीच रचना एक्स्ट-फोरची आहे. नवी फाइल तयार करायची तर डिस्कवर चारपाच जागी बदल करावे लागतात: आयनोड लिहायचा, तो आयनोड आता वापरात आहे अशी खूण करायची, फोल्डरमध्ये नाव घालायचं, मोकळ्या जागेचा हिशेब कमी करायचा. यातले दोन झाले आणि लाईट गेली तर हिशेब जुळत नाही. म्हणून आधी हे सगळे बदल एकत्र जर्नलमध्ये, म्हणजे कच्च्या वहीत, उतरवायचे, शेवटी ‘व्यवहार पूर्ण’ अशी खूण करायची, आणि मग सवडीनं पक्क्या जागी चढवायचे. लाईट आल्यावर मशीन आधी कच्ची वही वाचतं. शेवटची खूण असेल तर तो व्यवहार पक्का करतं, नसेल तर सोडून देतं.

यात एक फट उरते. खूण आहे, पण वरच्या ओळीच अर्धवट उतरल्या असतील तर? विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये याच प्रकारच्या दुबळेपणावर बोट ठेवलं होतं आणि तेरजेची, म्हणजे चेकसमची, सूचना केली होती. व्यवहारातल्या सगळ्या बाइटांवरून एक आकडा काढायचा, तो खुणेसोबत लिहायचा, आणि वाचताना पुन्हा काढून ताडून पाहायचा. एक्स्ट-फोरमध्ये हे काम गिरीश शिलमकर यांच्या नावानं दाखल झालं आणि एप्रिल २००८ च्या २.६.२५ या आवृत्तीत लोकांपर्यंत पोचलं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ मध्ये, आयनोडची ती वाढीव जागा वापरून फाइलींच्या वेळा नॅनोसेकंदापर्यंत नोंदवायची सोय आली. ते काम कल्पक शहा यांचं. २४९३७ चा रकाना ज्या वाढीव जागेचं माप सांगतो, ती हीच. दोघंही तेव्हा क्लस्टर फाइल सिस्टीम्स या कंपनीच्या पत्त्यावरून लिहीत होते. शहा यांनी पुढे पुण्यात स्वतःची कंपनी काढली.

शिलमकरांच्या त्या चेकसमनं चार वर्षांनी एक मोठा गोंधळ उडवला आणि त्यातूनच एक जुनी चोरी पकडली. ऑक्टोबर २०१२. कर्नल ३.६.३ वर आल्यापासून आपली एक्स्ट-फोर डिस्क दर बूटला आणखी आणखी बिघडतेय, असं एका वापरकर्त्यानं कळवलं. बातमी कारण कळायच्या आधीच जगभर पसरली. एक्स्ट-फोरचे मुख्य सांभाळकर्ते टेड त्सो यांनी सुरुवातीला एका अलीकडच्या बदलावर संशय घेतला. तो निर्दोष होता. खरी अडचण ही होती की बाकी कुणाच्या मशीनवर हे घडतच नव्हतं. हळूहळू उलगडलं की त्या वापरकर्त्यानं फाइल सिस्टीम जोडताना काही धीट पर्याय लावले होते, जर्नलचं चेकसमही चालू ठेवलं होतं, आणि बंद करताना त्याचं मशीन डिस्क पूर्ण सुटायच्या आतच रीबूट होत होतं. म्हणजे रोज स्वतःच्या हातानं घडवलेली लाईट जाण्याची वेळ. नेहमीच्या पर्यायांवर चालणाऱ्या लाखो लोकांना धोका नव्हता, पण ही ओळ बातम्यांच्या मथळ्यात कधीच आली नाही.

शेवटी रेड हॅटचे एरिक सँडीन यांनी ते काम हाती घेतलं. कोणत्या आयनोडला वापरात आहे अशी खूण करायची त्या नकाशाचा बदल, काही महिन्यांपूर्वीच्या एका सफाईत, कच्च्या वहीच्या बाहेर पडला होता. जर्नलला न सांगता तो नकाशा बदलायचा. चेकसम नसतं तर ते बहुधा कुणाला कळलंही नसतं. चेकसम असल्यामुळे वही वाचताना आकडा जुळेना, वाचन मध्येच थांबे, आणि डिस्क आणखी बिघडे. जो राखणदार ओरडला त्यालाच काही दिवस चोर समजलं गेलं.

सँडीन यांनी दुरुस्तीसोबत आपण ती कशी तपासली हेही लिहून ठेवलं आहे, आणि माझ्या मते ती दुरुस्तीपेक्षा मोलाची गोष्ट आहे. आधी त्यांनी मशीनवर फाइलींची बेफाम उलथापालथ करणारा एक कार्यक्रम चालवला आणि चालू असतानाच वीज तोडली. पण असं किती वेळा करणार? मग त्यांनी डिस्कचा स्नॅपशॉट घेणारा भागच थोडा मोडला. स्नॅपशॉट घेताना फाइल सिस्टीमला क्षणभर शांत करायचं असतं. त्यांनी ते शांत करणं काढून टाकलं. आता मिळणारी प्रत नेमकी त्या क्षणी लाईट गेल्यासारखी. मशीन चालूच, आणि लाईट हवी तितक्या वेळा गेलेली. दुरुस्तीविना प्रत्येक वेळी चेकसम चुकायचं. दुरुस्ती घातल्यावर कितीही फेऱ्या मारल्या तरी नाही.

पुण्यातल्या स्टोरेजच्या धंद्यात पहिला प्रश्न हाच असतो: रिप्रो मिळाला का, म्हणजे बग हवा तेव्हा घडवता येतो का? व्हेरिटासचं मोठं केंद्र इथेच वाढलं, तिथून बाहेर पडलेल्या मंडळींनी २००८ मध्ये ड्रुवा काढली, रेड हॅटचं केंद्र इथे आहे. हिंजवडीपासून बाणेरपर्यंत कुठल्याही कँटीनमध्ये कान द्या, ‘आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य ऐकू येईल. ग्राहकाकडे बग येतो, आमच्याकडे येत नाही. जो बग हवा तेव्हा घडवता येत नाही, त्याची दुरुस्ती झाली असं म्हणणं म्हणजे अंदाज आहे.

इथेच आभासी यंत्र, सगळे म्हणतात ती व्हीएम, उपयोगी पडते. फाब्रिस बेलार यांचं क्यूईएमयू २००३ पासून आहे. २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम कर्नलमध्ये आलं आणि व्हीएम जवळजवळ खऱ्या मशीनच्या वेगानं पळू लागली. साध्या लॅपटॉपवर हे जमतं. मूळ डिस्क म्हणजे एक फाइल. तिला हात न लावता वर एक कोरा थर ठेवायचा, व्हीएमचं सगळं लेखन त्या थरात. बिघडली की थर फेकायचा आणि दोन सेकंदांत पुन्हा पहिल्या पानावर. मेमरी मुद्दाम कमी द्यायची, म्हणजे कॅशला लपवायला जागा उरत नाही आणि डिस्ककडे जावंच लागतं. प्रोसेसर एक, दोन, चार असे बदलून पाहायचे. आणि सर्वांत आधी सिरीयल कन्सोल, म्हणजे कर्नलच्या तक्रारी जिथून बाहेर येतात ती वाट, बाहेरच्या फाइलीत वळवायचा. हे नवशिके विसरतात. ज्या डिस्कवर भरवसा नाही तिच्याच लॉगमध्ये मरणाचं कारण लिहून ठेवायला सांगण्यात अर्थ नाही.

पण व्हीएम खोटंही बोलते. बाहेरून व्हीएमची प्रक्रिया मारून टाकली तर आतल्या मशीनची मेमरी जाते, एवढंच. तिनं ‘डिस्क’कडे सोपवलेलं सगळं बाहेरच्या मशीनच्या कॅशमध्ये सुखरूप असतं आणि यथावकाश लिहिलं जातं. खऱ्या डिस्कला स्वतःची कॅश असते, ती लेखनाचा क्रम उलटापालटा करते, आणि लाईट जाते तेव्हा आधीचं गेलेलं आणि नंतरचं राहिलेलं, असंही होतं. उलट बाजूनं, वेगासाठी क्यूईएमयूला ‘फ्लश’चा, म्हणजे कॅशमधलं लगेच डिस्कवर उतरवण्याचा, हुकूम दुर्लक्षित करायला सांगणारा पर्याय लावला असेल, तर बाहेरच्या मशीनची लाईट गेल्यावर जो सत्यानाश होतो त्यात फाइल सिस्टीमचा काहीच दोष नसतो. टाकव्यात बसून व्हीएम मारणं आणि टाकव्यात लाईट जाणं या दोन वेगळ्या चाचण्या आहेत. यावरचा खरा उपाय २०१५ मध्ये जोसेफ बासिक यांनी कर्नलमध्ये घातला: डिस्ककडे जाणारं प्रत्येक लेखन आणि प्रत्येक फ्लश क्रमानं नोंदवून ठेवणारा एक थर. नंतर त्यातल्या कुठल्याही क्षणी लाईट गेली असं धरून डिस्क तिथपर्यंत उभी करायची आणि तपासायची. टेक्सास विद्यापीठातल्या जयश्री मोहन आणि विजय चिदंबरम यांच्या गटानं २०१८ मध्ये याच्याही पुढे जाऊन छोट्या छोट्या क्रियांच्या सगळ्या जुळण्या पद्धतशीर तपासल्या. नांदत्या, वर्षानुवर्षं वापरात असलेल्या लिनक्स फाइल सिस्टीमांत त्यांना १० नवे बग मिळाले.

आता पुन्हा २०१८. कर्नल ४.१९ ऑक्टोबरच्या २२ तारखेला आलं. नोव्हेंबरात तक्रारी साचू लागल्या, एक्स्ट-फोरच्या नावानं. टेड त्सो यांच्या नेहमीच्या चाचण्यांत काहीच सापडेना. काहींच्या मशीनवर वारंवार, काहींच्या कधीच नाही. अशा वेळी हातात एक हत्यार असतं, बायसेक्ट. चांगली आवृत्ती आणि वाईट आवृत्ती यांच्यामधले बदल निम्मे करत जायचे. १४ वेळा निम्मे केले की १६,३८४ बदलांतून एक उरतो. कागदावर सुंदर. पण हा बग लहरी होता, आणि लहरी बगसमोर बायसेक्ट फसतं. हिशेब करून पाहा. समजा वाईट आवृत्ती तासाभरात निम्म्या वेळा बिघडते. पाच तास काही झालं नाही म्हणून तिला ‘चांगली’ म्हटलं, तर चुकायची शक्यता ३२ मध्ये १. कमी वाटते. पण वाटेत अशा सात वाईट आवृत्त्या भेटल्या तर कुठे तरी एकदा चुकून सगळं चुकीच्या दिशेला जाण्याची शक्यता पाचात एक. आणि एकदा चुकलं की शेवटी बायसेक्ट मोठ्या ठामपणे एका निरपराध बदलाचं नाव सांगतं.

कोंडी फुटली ती एका वापरकर्त्यानं बग घडवण्याची भरवशाची कृती शोधून, ती चालवून बायसेक्ट पार केल्यावर. येन्स ॲक्सबो हे ब्लॉक लेयरचे, म्हणजे फाइल सिस्टीम आणि डिस्क यांच्यामधल्या थराचे सांभाळकर्ते. त्यांनी तीच कृती वापरली आणि बग त्यांच्याही मशीनवर आला. बायसेक्टनं बोट ठेवलं होतं त्यांच्याच थरावर. वेग वाढवण्यासाठी ४.१९ मध्ये असा बदल झाला होता की शेड्यूलर, म्हणजे वाचना-लेखनाच्या मागण्यांचा क्रम ठरवणारा भाग, लावलेला नसेल तर मागणी रांगेत न घालता थेट डिस्ककडे द्यायची. डिस्क ‘व्यस्त आहे’ म्हणाली तर मग रांगेत ठेवायची. पण तोवर खालच्या स्कझी थरानं त्या मागणीचा तक्ता, मेमरीतली कुठली पानं डिस्कवर कुठे जायची याचा, तयार करून टाकलेला असायचा. रांगेत थांबली असताना शेजारची दुसरी मागणी तिला जोडली गेली तर मागणी मोठी व्हायची, तक्ता मात्र जुनाच राहायचा. डिस्क जुन्या तक्त्याप्रमाणे अर्धंच काम करायची आणि पूर्ण झालं म्हणून कळवायची. वाचन असेल तर उरलेल्या पानांत आधीचं जे पडलं असेल तेच राहायचं. ‘आय’, ‘ए’.

एवढ्या अटी एकदम जुळाव्या लागत: नवी अनेक-रांगांची पद्धत, जी स्कझीसाठी ४.१९ मध्येच नेहमीची झाली होती, शेड्यूलर नसणं, डिस्क नेमकी व्यस्त असणं, आणि त्याच क्षणी शेजारची मागणी येणं. बहुतेक वितरणांत शेड्यूलर आपोआप लागायचा, म्हणून बहुतेक लोक वाचले. जे स्वतःचं कर्नल स्वतः बांधतात आणि अनावश्यक वाटेल ते काढून टाकतात, ते हौशी लोक सापडले. दुरुस्ती ४.१९.८ मध्ये आली. एक्स्ट-फोरमध्ये या बगसाठी एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

डिसेंबर २०२३ चं प्रकरण याच्या शेजारी ठेवण्यासारखं आहे. डेबियन या लिनक्स वितरणाचं १२.३ प्रसिद्ध व्हायच्या दिवशी, ९ तारखेला, थांबवलं गेलं, कारण त्यातल्या ६.१.६४ कर्नलमध्ये एक्स्ट-फोर फाइली बिघडवत होती. या वेळी दोष खरोखर त्याच परिसरातला. नव्या कर्नलमधली एक दुरुस्ती जुन्यात आणली, पण ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती तो मागेच राहिला, आणि कॅशला वळसा घालून थेट लिहिताना फाइलीतली जागा चुकू लागली. हा बग लहरी नव्हता. लिनारो संस्थेच्या यंत्रणेत एक जुनी, साधी चाचणी तो दर वेळी दाखवत होती. डेबियन १२.४ दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, बाहेर पडलं. पहिल्या बगला अनेक आठवडे लागले, दुसऱ्यावर डेबियननं एका दिवसात उतारा दिला. दोन्ही ठिकाणी शेवटची दुरुस्ती लहानच होती. फरक पडला तो बग मागताक्षणी हजर होतो की नाही याचा. तरीही आपल्या कंपन्यांत वर्षाअखेरीला गुण मिळतात ते दुरुस्ती लिहिणाऱ्याला. दोन आठवडे व्हीएम मारत बसलेल्या टेस्टिंगमधल्या मुलीचं नाव त्या कागदावर नसतं. कर्नलवाल्यांची रीत बरी: दुरुस्तीच्या नोंदीत बग कुणी कळवला आणि दुरुस्ती कुणी तपासली, ही नावंही कायमची जातात.

वाचकांपैकी कुणाच्या मशीनवर असं काही दिसलं तर घाबरून लगेच दुरुस्तीचा कार्यक्रम चालवू नका. तो डिस्क सांधून देईल आणि पुरावा पुसून टाकेल. मशीन थांबवा, डिस्कची प्रत आधी काढा. कर्नलची नेमकी आवृत्ती, डिस्क कोणत्या पर्यायांनी जोडली होती, शेड्यूलर कोणता, आणि कर्नलनं काढलेली पहिली तक्रार, शेवटची नव्हे, एवढं लिहून ठेवा. खाजगी फाइली परक्याला द्यायच्या नसतील तर एक्स्ट-फोरच्या हत्यारांच्या पेटीतच ई-टू-इमेज नावाचा छोटा कार्यक्रम आहे. तो मजकूर वगळून फक्त फाइल सिस्टीमचा सांगाडा काढतो, आणि सांगितलं तर थेट क्यूईएमयूला चालणाऱ्या स्वरूपात. त्यात फाइलींची नावं मात्र जातात. तीही नको असतील तर ‘एस’ हा पर्याय लावा, नावं विस्कटून जातात.